कुंपणापलीकडे
मंडळी, आम्ही शेजाऱ्याला हात हलवून ‘हाय’ म्हणतो, पण त्याचं आडनाव विचाराल तर आमची दांडी गुल! म्हणून ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्सची आठवण. १९ ऑगस्ट १९९१ ला तिथे ज्यू धर्मगुरूंच्या ताफ्यातल्या गाडीखाली सात वर्षांचा कृष्णवर्णीय गॅव्हिन केटो गेला. काही तासांतच जमावाने यँकेल रोझेनबॉम या ज्यू विद्यार्थ्याला गाठून भोसकलं, तोही गेला. तीन दिवस दंगल चालली. १९६५ साली सेल्मात डॉ. किंग आणि रब्बी हेशेल बरोबरीने चालले होते. पण पुढाऱ्यांचं सख्य गल्लीपर्यंत आपोआप झिरपत नाही. गॅव्हिनचे वडील आणि यँकेलचा भाऊ भेटले ते २००१ मध्ये. दहा वर्षांनी! आम्ही ठरवलंय, यंदा फराळाचं ताट कुंपणापलीकडे न्यायचं. तुमचं काय?