रजिस्टर मिटल्याखेरीज संगणक रुजत नाही



संगणक म्हटला की कर्मचारी विरोध करणारच, असा समज वरच्या कचेऱ्यांत अजून कायम आहे. रेल्वे आणि टपालातील कामगारांनी तो केव्हाच खोटा ठरवला आहे. १९८५ साली दिल्लीत आरक्षणाच्या खिडकीवर संगणक आला, तेव्हापासून आपले कारकून त्यावर काम करीत आले आहेत. २०१७ च्या डिसेंबरात ‘दर्पण’ योजनेचा प्रारंभ झाला आणि खेड्यातल्या शाखा डाकघरातील ग्रामीण डाक सेवकाने हातातले यंत्र चालवून दाखवले. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरची डाकघरे नव्या एपीटी प्रणालीवर आली, तीही याच कर्मचाऱ्यांच्या कष्टांवर. यंत्राला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न दवाखान्यातल्या यंत्राविषयी आहे, कारण रेल्वेच्या दवाखान्यात तर खिडकीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत.

रेल्वेने २०२० साली आपली १२५ आरोग्य केंद्रे आणि ६५० पॉलिक्लिनिक एका संगणक प्रणालीखाली आणण्याचे काम रेलटेलकडे सोपवले. जुन्या मेडिकल बुकाच्या जागी उमीद कार्ड आले. टपालातील जे बांधव आणि पेन्शनर सीजीएचएसखाली येतात, त्यांच्या आरोग्य केंद्रांत २००५ सालापासूनची जुनी प्रणाली बंद होऊन २८ एप्रिल २०२५ रोजी सी-डॅकने तयार केलेली नवी प्रणाली सुरू झाली. या सगळ्यामागचा हेतू चांगला आहे. भुसावळचा गँगमन इटारसीत आजारी पडला, तर तिथल्या डॉक्टरला त्याच्या चालू गोळ्या आणि मागचा ईसीजी समोर दिसावा, यात वाईट काय?

पण हेतू आणि रोजचे काम यांच्यामध्ये एक जाडजूड वस्तू आडवी पडलेली असते. ती म्हणजे जुने रजिस्टर. संगणक येतो, पण रजिस्टर जात नाही. सिस्टर औषधाची नोंद चार्टवर करतात, मग तीच पडद्यावर करतात. फार्मासिस्ट साठ्याचे रजिस्टर लिहितो आणि तोच साठा यंत्रातही चढवतो. ऑडिटला सहीचे रजिस्टर लागते, वरिष्ठांना संगणकावरचा अहवाल लागतो, आणि जुने बंद करा असा लेखी हुकूम काढायला कोणी तयार नसते. नोंद चढवायला वेळ झाला नाही, तर औषध फळीवर असूनही पडद्यावर ‘शिल्लक नाही’ दिसते आणि रोगी रिकाम्या हाताने परततो. शिव्या मात्र खिडकीवरच्या माणसाला बसतात.

साधा हिशेब करून पाहा. एका रोग्यामागे नोंदीची दोन मिनिटे जादा धरली, तर ९० रोग्यांमागे तीन तास होतात. हे तीन तास कोठून येतात? नवे पद मंजूर झालेले नसते. म्हणजे ते रोग्याची नाडी पाहण्यातून, जखम धुण्यातून आणि कर्मचाऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीतून येतात. यंत्राची किंमत टेंडरमध्ये लिहिलेली असते, ही किंमत कोठेच लिहिलेली नसते.

काम करणाऱ्याला न विचारता यंत्र आणले की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. पोषण ट्रॅकरच्या नोंदींसाठी वापरावे लागणारे निकृष्ट मोबाईल अंगणवाडी सेविकांनी सरकारला परत केले. ॲपची भाषा इंग्रजी, फोनची ताकद तोकडी, आणि जबाबदारी सगळी सेविकेवर. भगिनींचा राग मोबाईलवर नव्हता. त्यांना हवे होते चालणारे यंत्र आणि मराठी भाषा.

कागद बंद केला आणि यंत्रणा कोसळली तर काय, असे कोणी विचारील. शंका खरी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढचे सुमारे दोन आठवडे ओपीडी, भरती, तपासण्या हाताने लिहून चालवाव्या लागल्या. पण याचे उत्तर आपल्याच रेल्वेत आहे. सिग्नल बिघडला की स्टेशन मास्तर ठरलेल्या नमुन्याचे लेखी अधिकारपत्र देतो आणि गाडी पुढे जाते. सिग्नल चालू असताना मात्र रोज प्रत्येक गाडीला कागद द्या, असे कोणी सांगत नाही. दवाखान्यालाही हाच नियम लावा. अडचणीच्या वेळचा कागद तयार ठेवा, त्याचा सराव करून घ्या, पण रोजचे दुहेरी लिखाण थांबवा.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

१) नवी प्रणाली सुरू होताना कोणते रजिस्टर कोणत्या तारखेला बंद होणार, हे हुकुमात लिहावे आणि ऑडिटने ते मान्य करावे.

२) नोंदीला लागणारा वेळ मोजून पदांच्या निकषात धरावा.

३) पडद्यावर काय असावे हे ठरवताना सिस्टर, फार्मासिस्ट, ड्रेसर यांना बसवावे. शिक्षण ड्युटीच्या वेळेत द्यावे.

४) ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याच्यासाठी मदतीची खिडकी असावी. निवृत्त गँगमनच्या विधवेचे कार्ड मुलाच्या फोनला जोडलेले असते आणि मुलगा सुरतेला कामावर असतो. ओटीपी नाही म्हणून तिला मधुमेहाच्या गोळ्या नाकारता कामा नयेत.

५) यंत्र बंद पडल्यामुळे फिट सर्टिफिकेट अडले, तर त्या दिवसाचा पगार कामगाराचा कापू नये.

शाखांनी आपल्या दवाखान्यात जाऊन एक काम जरूर करावे. एकच गोष्ट किती ठिकाणी लिहावी लागते, त्याची यादी तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून तयार करावी आणि प्रशासनाबरोबरच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवावी. रांगेत उभे राहून खिडकीवरच्या बांधवाशी भांडण्यात आपली बरीच वर्षे गेली. आता रांगेतल्याने आणि खिडकीवरच्याने मिळून ही यादी घेऊन जायचे आहे.