‘मेक अ डिफरन्स’ आणि पेढीवरचा फरक

ट्रस्टचा वार्षिक अहवाल असो, परदेशी महाविद्यालयासाठी मुलाने लिहिलेला अर्ज असो वा दुकानाच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका, ‘मेक अ डिफरन्स’ हा इंग्रजी शब्दप्रयोग हल्ली हटकून भेटतो. आपल्या हातून चार लोकांचे बरे व्हावे, एवढाच त्याचा आशय. आशय उत्तमच आहे. पंचाईत होते ती तो मराठीत उतरवताना.

पेढीवर ‘फरक’ हा शब्द नकोसाच. रोजमेळ जुळला नाही की जुने मुनीम चार आण्यांचा फरक शोधत रात्र जागवीत. घरातही ‘मुलगा-मुलगी असा फरक करू नये’ असेच वडीलधारे बजावतात. तेव्हा ‘मला समाजात फरक करायचा आहे’ असे शब्दशः लिहिणारा तरुण नकळत नेमके उलटे लिहून बसतो. ‘फरक पाडणे’ म्हटले की व्याकरण सावरते. पण कोणाच्या आयुष्यात, कोणता, आणि त्यासाठी पदराला खार कोणी लावून घेतला, हे गुलदस्त्यातच राहते. ‘कामी आला’, ‘हातभार लावला’, ‘पैसा सत्कारणी लागला’ हे मराठी प्रयोग अधिक रोखठोक आहेत. ते कानी पडताच ऐकणारा विचारतो, कोणाच्या कामी? कशाला हातभार? अहवालात त्या इंग्रजी वाक्याच्या जागी किती मुलांची फी भरली तेवढे छापले, तरी वाचणाऱ्याला पुरते.

कुंभोजला जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीला जेवत. जातिभेद घट्ट असलेल्या त्या काळात हे सोपे नव्हते. भाऊरावांच्या कार्याने खेड्यापाड्यांत जो फरक पडला, त्याची सुरुवात ही अशी, पानावर फरक न करण्यातून झाली.

वसतिगृहाची ओढाताण मात्र कायमची होती. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला, शेवटी मंगळसूत्रही. घरातले सोने गेले आणि कोठीत धान्य आले.