नळ मोजले, पाणी मोजा

गोव्यातील प्रत्येक ग्रामीण घरात नळ पोचल्याचे प्रमाणपत्र राज्याला मिळाले, त्याला आता काही वर्षे लोटली. 2022 च्या ऑगस्टमध्ये पणजीत त्याचा उत्सवही झाला. 378 गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले आणि देशात गोव्याचा पहिला क्रमांक लागला. या यशाला नाके मुरडण्याचे कारण नाही. डोक्यावरून घागरी वाहिलेल्या पिढीला त्याचे मोल सांगावयास नको. परंतु नळ मोजले म्हणजे पाणी मोजले, असे जे सोयीस्करपणे गृहीत धरले जाते, त्याला आमचा आक्षेप आहे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची कसोटी अशी, की पाणी घराच्या आवारात हवे, लागेल तेव्हा हवे आणि दूषित नसावे. नळांच्या आकड्यावरून यांतली पहिलीच अट कळते. मे महिन्यात नळ किती वेळ वाहतो, उंचावरील वाड्याला दाब मिळतो काय, टँकर कोणाच्या दारात जातो, हे कळत नाही. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडले की पेडणे-बार्देशचा पाणीपुरवठा कोलमडतो. प्रमाणपत्र मात्र शाबूत राहते.

नार्व्याचेच पाहा. समोर मांडवी आहे, पण भरतीचे पाणी खारे. मागे जांभ्या दगडाची भूमी. ती पाऊस जितक्या सहज मुरवते तितक्याच सहज सेप्टिक टाकीतली घाणही. 2019 साली राज्य हागणदारीमुक्त जाहीर झाले. घरोघरी शौचालय आहे की नाही, एवढा हिशेब त्यात आला असेल. टाकी शेजारच्या विहिरीपासून किती अंतरावर, तिचा उपसा कोठे ओतला जातो, ही नोंद कोणी ठेवावी? शिवाय 2023 मध्ये सप्तकोटेश्वराच्या जीर्णोद्धारित मंदिराचे लोकार्पण झाले. जत्रेला, सुटीला येणारा भाविक कुठल्याच कुटुंबगणनेत बसत नाही, पाणी व शौचालय मात्र त्यालाही लागते. डिचोली तालुक्यात खाणींमुळे विहिरी आटल्याची तक्रार तर जुनीच. 2024 मध्ये तेथे खाणकाम पुन्हा सुरू झाल्यावर विहिरींच्या पातळीची नोंद अधिकच निकडीची झाली आहे.

यासाठी नव्या आयोगाची गरज नाही. पंचायतीने वाडावार नकाशा करावा. त्यावर नळाच्या वेळा, विहिरी, टाक्या व टँकरच्या फेऱ्या दाखवाव्यात. पाण्याची तपासणी मे महिन्यात आणि पावसानंतर अशी दोनदा व्हावी, आणि निकाल पंचायतीच्या फलकावर लागावा. नळांचा ठराव ज्या ग्रामसभेने केला, तिच्यापुढेच येत्या पावसाळ्याआधी हा नकाशा ठेवावा.