आगोटीपूर्वी माळा रिकामा करा



दिवाळीची झाडलोट आपण लक्ष्मी घरात यावी म्हणून करतो. भाताच्या मुलखात मात्र खरी साफसफाई पाडव्यानंतरची. दिवाळीला हळवं भात खळ्यावर आलेलं असतं, गरवं शेतात उभं असतं. तेव्हा अंगण सारवून चार पणत्या लावल्या की झालं. घराचा कोपरा न् कोपरा मोकळा करायला सवड मिळते ती शिमगा सरल्यावर. एकदा मृगाचा पाऊस लागला की मग चार महिने जे जिथं असेल ते तिथंच राहतं, आणि ओल त्याला गाठते.

अंबरनाथच्या अंगाला असलेल्या पालेगावाकडे हा विषय काढला की हटकून ऐकू येतं, "साहेब, शेतातलं सांगा. घरातलं बायका बघतात." पण मंडळी, शेतात पिकलेलं शेवटी राहतं कुठं? घरातच ना! शिवाय या पट्ट्यात शहराच्या इमारती शिवारापर्यंत आल्या. खाचरं कमी झाली, खळी गेली, गोठे आटले. पूर्वी जे सामान पडवीत, गोठ्यात, खळ्यावरच्या खोपीत विभागलेलं असायचं ते सगळं आता एकाच माळ्यावर चढलं आहे. भाताचं पोतं, बियाणं, फवारणीचं औषध, तेलाचा रिकामा डबा, सुक्या बोंबलांची पिशवी, सगळं शेजारी शेजारी. धोका आहे तो इथंच.

म्हणून या साफसफाईचा नियम एकच लक्षात ठेवा. माळ्यावरचं सगळं खाली घ्या आणि अंगणात तीन वाटे करा : खायचं, पेरायचं आणि मारायचं. हे तीन वाटे पुन्हा एका फळीवर चढता कामा नयेत.

पहिला वाटा खायचा. कणगी किंवा पिंप तळापर्यंत रिकामं करा. जुन्या दाण्यांवर नवे ओतले की तळातला सोंडा आणि पतंग आयताच वर चढतो. कणगीच्या फटी शेणमातीने लिंपा, पिंप कोरडं पुसून उन्हात पालथं घाला. पोती उलटी करून झटका आणि कडक उन्हात दोन दिवस टाका. धान्य चांगलं वाळवा. साठवणीच्या भातात शंभर किलोमागे बारा किलोहून जास्त पाणी नसावं. घरी मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा दाणा दाताखाली धरावा. कट्‌कन तुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवं. वाळलेलं धान्य गरम असताना भरू नका. संध्याकाळी गार होऊ द्या, मगच भरा, नाहीतर आत घाम सुटून बुरशी धरते. पोती जमिनीवर नकोत. फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. वालाचा भुंगा तर शेतातूनच शेंगेबरोबर येतो, म्हणून वाल आगोटीआधी पुन्हा एकदा वाळवलेच पाहिजेत.

धान्यात घालायच्या विषारी वायूच्या गोळ्या मात्र राहत्या घरात आणूच नका. त्यांतून सुटणाऱ्या वायूवर उतारा नाही. जाणकार माणसांनी देखरेखीखालीच त्या वापरायच्या असा नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. घरगुती धान्याला ऊन आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरेसा आहे.

दुसरा वाटा पेरायचा. घरचं बियाणं असेल तर ते बाहेर आलंच आहे, त्याची परीक्षा आत्ताच घ्या. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडा, गोणपाट गुंडाळा आणि आठवडाभर ओलं ठेवा. ऐंशी किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. थोडे कमी उगवले तर पेरा दाट करावा लागेल. साठच्या आत आले तर ते बियाणं सोडून द्या. हे मे महिन्यात कळलं तर दुसरं बियाणं मिळवायला वेळ असतो. कर्जतचं भात संशोधन केंद्र तुमच्यापासून लांब नाही, तिथल्या जातींची चौकशी करता येते. हेच पावसात कळलं तर हंगाम हातचा जातो. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवा. तरंगेल ते पोचट, ते काढून टाका. तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. विकत आणलेलं रंगीत बियाणं उरलं, तर ते औषध चोळलेलं असतं. ते कोंबड्यांना टाकू नका, आणि गिरणीत तर मुळीच नेऊ नका.

तिसरा वाटा मारायचा, आणि हा लेख खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहिला आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून तेवीस लेकरं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तपासात बोट ठेवलं गेलं ते तेलाच्या भांड्यावर, पूर्वी औषध ठेवलेल्या भांड्यावर. कुणी वैरी आला नव्हता. तीन वाटे एकत्र झाले होते, एवढंच.

तेव्हा औषधाच्या सगळ्या बाटल्या एका जागी आणा. ज्यांची चिठ्ठी निघाली आहे, ज्यांची मुदत संपली आहे, त्या वेगळ्या काढा. एंडोसल्फानसारख्या औषधावर २०११ सालीच बंदी आली, तरी जुनी बाटली एखाद्या कोपऱ्यात निघू शकते. असलं औषध नाल्यात, विहिरीत किंवा उल्हास नदीच्या काठी ओतू नका. कृषी अधिकाऱ्याला दाखवा आणि त्याच्या सल्ल्याने वाट लावा. चालू औषध त्याच्या मूळ बाटलीतच, कुलपाच्या पेटीत, चुलीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवा. रिकामी बाटली फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे तिच्यात कुणी रॉकेल किंवा तेल भरणार नाही. राब भाजताना घरातला केरकचरा टाकायची आपल्याकडे रीत आहे. त्यात या बाटल्या आणि प्लॅस्टिक जाऊ देऊ नका. आणि कधी कुणाच्या पोटात औषध गेलंच, तर ओकारी काढत वेळ घालवू नका. बाटली बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांना नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

वाटे झाले की घराभोवती एक फेरी मारा. लाकूडफाटा आणि शेणी भिंतीला टेकवून रचल्या की उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. रास भिंतीपासून लांब, विटांवर रचा. पावसाळ्यात लहान-थोर सगळ्यांनी खाटेवर, मच्छरदाणीत निजावं. साप चावलाच तर मंत्र-तंत्र नको, थेट सरकारी दवाखाना.

शेवटी कागदपत्रं. २६ जुलै २००५ चा पूर या भागात कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी सोडवावे लागले. सातबारा, पासबुक, विम्याची पावती, मुलांचे दाखले हे सारं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच फळीवर ठेवा आणि कुठं ठेवलं ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

एक गोष्ट कारभाऱ्यांना. हे काम एकट्या घरधनिणीच्या डोक्यावर टाकू नका. पोती उचलायला, कौलं चाळायला, पेटी ठोकायला तुमचे हात लागतील. रोज एक खण घेतलात तर आठवड्यात घर होतं. उद्या सकाळी माळ्याला शिडी लावा, आणि आधी औषधाच्या बाटल्या खाली घ्या.