एकत्र निवडणुका आणि पेण-रोहे

७ मे २०२४ रोजी रायगड लोकसभेसाठी पेण-रोह्यातील ज्या शाळांत मतदान झाले, त्याच शाळांत, भात खळ्यावर झोडणीस आले असताना, २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी तीच यंत्रे, तोच बंदोबस्त आणि शिक्षक-तलाठ्यांची तीच तैनाती पुन्हा मांडावी लागली, हे स्मरता एकत्र निवडणुकांमागील काटकसरीचा हेतू आम्हांस मान्य आहे. १९९९ साली महाराष्ट्राने दोन्ही सभागृहे एकाच वेळी निवडलीही होती. परंतु १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकानुसार मुदतीपूर्वी बरखास्त झालेल्या विधानसभेच्या जागी येणारी विधानसभा केवळ उर्वरित मुदतीपुरतीच राहावी, ही तरतूद मतदाराच्या अधिकाराचा संकोच करणारी आहे. शिवाय लोकसभेसाठी अखंड असलेला रोहे तालुका विधानसभेसाठी पेण, अलिबाग व श्रीवर्धन या तीन मतदारसंघांत विभागलेला. त्याचे गाऱ्हाणे दिल्लीच्या गदारोळात कोण ऐकणार? आणि ज्या राज्यात नगरपरिषदांची मुदत संपूनही कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या दफ्तरी राहिला, पेण व रोह्याच्या नागरिकांस आपले नगरसेवक निवडण्यास २ डिसेंबर २०२५ उजाडावा लागला, तेथे एकत्र निवडणुकांआधी मुदतीत निवडणुका घेण्याची हमी सरकारने द्यावी.