दिवाळखोरीतही न सुटणारं कर्ज

परवा रात्री सांगलीकडच्या एका मुलाचा फोन आला. गेल्या वर्षी एमएस झाला, नोकरी लागली आणि गेलीही. तिकडच्या बँकेचे हप्ते मात्र सुरू झालेत. म्हणाला, "दादा, इथे कंपन्या दिवाळखोरी जाहीर करून मोकळ्या होतात. मग मी का नाही?"

प्रश्न अगदीच भाबडा नाही. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचं, दवाखान्याचं कर्ज दिवाळखोरीत सुटू शकतं. शैक्षणिक कर्जाचं तसं नाही. 1976 मध्ये सरकारी कर्जाला पाच वर्षं थांबायची अट आली, 1990 मध्ये ती सात वर्षं झाली, 1998 मध्ये ती वाटच बंद झाली. 2005 मध्ये बहुतेक खासगी कर्जंही याच नियमात आली. आता कर्जामुळे असह्य हलाखी होते हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. 1987 च्या ब्रूनर खटल्यातली कसोटी बहुतेक कोर्टं वापरतात: आज किमान गरजा भागत नाहीत, पुढेही बराच काळ भागणार नाहीत, आणि फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केलेला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारने ही प्रक्रिया थोडी सोपी केली, पण फक्त सरकारी कर्जापुरती. ते कर्ज आपल्या व्हिसावरच्या मुलांना मिळतच नाही.

बरं, समजा इथल्या कोर्टाने त्याला मोकळं केलं. तरी सुटतो तो एकटा. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही तशीच राहते आणि गहाण घरही. हप्ते थकले तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक दावा न लावता तारणावर कारवाई करू शकते. आपल्याकडच्या 2016 च्या दिवाळखोरी संहितेनेही शैक्षणिक कर्ज माफीतून वगळलंय.

धंदा बुडालेल्या माणसाला दोन्ही देश पुन्हा उभं राहू देतात. शिक्षणाचा डाव फसलेल्याला का नाही? हा नियम बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोवर आपल्या घरांनी काय करायचं?

माझ्या शिक्षणासाठी बाबांनीही घराचे कागद बँकेत ठेवले होते. सुरुवातीला माझे काही हप्ते चुकले. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, पेन्शनमधून भरत राहिले. सुट्टीत घरी गेल्यावर पासबुक पाहिलं तेव्हा मला कळलं. मी अडचण लपवली, त्यांनी हप्ते लपवले.

म्हणून मी त्याला म्हटलं, "अरे, आधी घरी सांग. मग बँकेला लिही. हप्ता थकायच्या आधी मुदत मागितली तर ऐकून घेण्याची शक्यता जास्त असते. घरी माहीत आहे ना?"

तो गप्प बसला. नोकरी जाऊन तीन महिने झाले होते आणि घरी कोणालाच पत्ता नव्हता.

जानेवारीच्या प्रवेशासाठी आज अनेक घरांत कर्जाचे कागद भरले जात असतील. सही करण्याआधी एकदा एकत्र बसा आणि 'नोकरी नाही लागली तर?' हा प्रश्न मोठ्याने विचारा. अभद्र बोलू नये म्हणून आपण तो टाळतो, आणि नंतर तोच सगळ्यांना महागात पडतो.