क्रेनखाली कोण उभं असतं?

“क्रेनवर बाई नको, धोक्याचं काम आहे,” असं गोरेगावच्या एका शूटिंगवर मला ऐकवलं गेलं. त्याच क्रेनच्या दांड्याखाली गर्दीच्या सीनसाठी आणलेल्या बायका तासभर उभ्या होत्या. त्यांना धोका कुणी सांगितला नव्हता!

मैत्रिणींनो, कॅमेऱ्याची क्रेन म्हणजे मोठा तराजू. जमीन सपाट आणि पक्की हवी. कॅमेरा आधी चढवायचा, मग मागच्या टोकाला वजनं. उतरवताना वजनं आधी. दांड्यावर बसलेला माणूस वजनं काढण्याआधीच खाली उतरला, तर पुढचं टोक वर उसळतं आणि वजनांचं टोक धाडकन खाली येतं. जवळ विजेच्या तारा नकोत, जोराचा वारा नको, दांड्याखाली कुणीही नको. यात दंडाच्या ताकदीपेक्षा क्रम पाळणं मोठं. ते आम्हांला जमणार नाही?

बायकांना मेकअपचं कार्ड नाकारणारा युनियनचा नियम सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये रद्द केला. तिथे सबब पुरुषांच्या रोजीरोटीची होती, इथे आमच्या काळजीची. एवढी काळजी आहे ना? मग दांडा हलण्याआधी खालच्या बायकांना बाजूला करा, आणि क्रेनचं काम आमच्या मुलींनाही शिकवा.